बायोप्सीत ‘न्यूरोएंडोक्राइन’ आलं, आता पुढं काय?

प्रश्न असा आहे: “आमच्या वहिनी ४४ वर्षांच्या. कागल तालुक्यातलं गाव, घरी शेती आणि म्हशी. डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली. आधी गावातच काविळीचं औषध घेतलं. मग सोनोग्राफी आणि एमआरसीपी (पित्तनलिकेचा एमआरआय) झाली तेव्हा पित्तनलिकेत गाठ दिसली. सगळ्यांनी कॅन्सर धरला आणि कोल्हापुरात मोठं ऑपरेशन झालं. आता बायोप्सीत ‘वेल डिफरन्शिएटेड न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, ग्रेड १, कॉमन हेपॅटिक डक्ट, कडा मोकळ्या, ८ पैकी एकाही लिम्फ नोडमध्ये आजार नाही’ असं आलंय. एक डॉक्टर म्हणतात हा कॅन्सर नाहीच, दुसरे म्हणतात केमो देऊन टाकू. हार्मोन तयार करणारी गाठ म्हणजे नेमकं काय? गॅलियम स्कॅन करायचा का? मुंबईला न्यायचं का? त्या कामाला कधी लागतील? मुलांना धोका आहे का?”

केमो ही ‘देऊन टाकायची’ गोष्ट नाही, आणि वहिनींना ती लागत नाही. तुम्ही लिहिलेल्या ओळी बरोबर असतील तर त्यांचा उपचार ऑपरेशनच्या टेबलावरच झालेला आहे. ग्रेड १ ची गाठ पूर्ण निघालेली असताना वरून केमो, रेडिएशन किंवा महिन्याची इंजेक्शनं दिल्यानं फायदा होतो असा पुरावा नाही. शिवाय इतक्या संथ वाढणाऱ्या पेशींवर नेहमीची केमो फारशी चालतही नाही, कारण ती औषधं भराभर विभागणाऱ्या पेशींना मारतात.

‘कॅन्सर नाहीच’ म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. या गाठींमध्ये पसरण्याची क्षमता असते, लिम्फ नोडमध्ये आणि यकृतात, कधी कधी बऱ्याच वर्षांनी. आजार गेला समजून फाइल माळ्यावर टाकायची नाही. पण पित्तनलिकेच्या नेहमीच्या कॅन्सरबद्दल, म्हणजे कोलँजिओकार्सिनोमाबद्दल, तुम्ही नेटवर जे वाचलं असेल ते वहिनींना लागू नाही. दोन्ही आजार एकाच जागी होतात, दोन्हींची कावीळ सारखी दिसते, पण त्यांची चाल अगदी वेगळी.

आता ‘बरोबर असतील तर’ या शब्दांबद्दल बोलू, कारण माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रश्नांची किल्ली तिथंच आहे.

यकृतातून उजवी आणि डावी नलिका बाहेर येते. त्या मिळून कॉमन हेपॅटिक डक्ट होते. पुढं पित्ताशयाची नळी तिला मिळते आणि तीच नलिका कॉमन बाइल डक्ट म्हणून स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाऊन लहान आतड्यात उघडते. हा सगळा रस्ता वीतभरसुद्धा नाही. त्याच्या अस्तरात न्यूरोएंडोक्राइन पेशी जवळजवळ नसतातच. या पेशी जठरात, आतड्यात, स्वादुपिंडात, फुप्फुसात भरपूर असतात आणि हार्मोनसारखी रसायनं सोडणं हे त्यांचं काम. म्हणून या गाठी नेहमी सापडतात त्या आतड्यात, अपेंडिक्समध्ये, फुप्फुसात, स्वादुपिंडात. पित्तनलिकेत सुरू झालेली गाठ इतकी विरळा की पचनमार्गातल्या अशा गाठींमध्ये तिचा वाटा शंभरात एकही भरत नाही. कोल्हापूर-सांगलीसारख्या भागात पोटाची ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनला आख्ख्या कारकिर्दीत ती एखाद-दुसऱ्या वेळी भेटली तरी पुष्कळ.

मग नसलेल्या पेशींची गाठ येते कुठून? एक मत असं आहे की खडे, जुनी सूज किंवा जन्मजात फुगवटा यांमुळं नलिकेचं अस्तर वर्षानुवर्षं चिडत राहतं, ते हळूहळू आतड्याच्या अस्तरासारखं होतं आणि त्याबरोबर या पेशीही तिथं येतात. पण अनेक रुग्णांना कधी खडा झालेला नसतो. तेव्हा वहिनींनी काय खाल्लं, काय केलं म्हणून हे झालं, याचा शोध घरात कुणी घेऊ नये. तेल, तिखट, उपास, चिंता यांपैकी कशाचाही याच्याशी संबंध नाही.

इतकी दुर्मिळ जागा असली की पॅथॉलॉजिस्टला दोन शंका आल्याच पाहिजेत. पहिली, ही गाठ खरंच इथं जन्मली की दुसरीकडून आली? स्वादुपिंडाच्या डोक्यातली किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीची गाठही पित्तनलिकेला धरते, आणि दूरच्या गाठीचा लिम्फ नोड नलिकेवर दाब देऊ शकतो. दुसरी, सगळी गाठ एकाच जातीची आहे का? काही गाठींमध्ये एक भाग न्यूरोएंडोक्राइन आणि दुसरा नेहमीचा अॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथीपेशींचा कॅन्सर, असतो. दोन्ही भाग प्रत्येकी ३० टक्के किंवा जास्त असले तर तिला मिश्र गाठ, ‘मिनेन’, म्हणतात, आणि तिचा उपचार वेगळा. गाठीचे दोनच तुकडे पाहिले आणि दोन्ही सौम्य भागातले निघाले, तर रिपोर्ट सौम्य येणार. म्हणून गाठ लहान असेल तर ती सगळीच्या सगळी तपासायला हवी.

रिपोर्टचा कागद परत हातात घ्या आणि त्यात ‘की-६७’ शोधा. शंभर पेशींपैकी किती पेशी विभागणीच्या चक्रात आहेत याचा तो आकडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या वर्गीकरणात ३ टक्क्यांच्या खाली ग्रेड १, ३ ते २० ग्रेड २ आणि २० च्या वर ग्रेड ३. त्याच्या जोडीला दोन चौरस मिलिमीटर जागेत किती पेशी विभागताना दिसतात तेही मोजतात: दोनपेक्षा कमी, दोन ते वीस, वीसच्या वर. दोन आकड्यांतून दोन ग्रेड निघाल्या तर वरची धरतात. याशिवाय ‘न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा’ नावाचा वेगळाच प्रकार आहे, लहान पेशींचा किंवा मोठ्या पेशींचा. त्यात की-६७ बहुधा ५० च्याही वर असतो. तो ग्रेड १ चा मोठा भाऊ नव्हे, मुळातच दुसरा आजार आहे. तिथं मात्र ऑपरेशन झालं तरी सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन आणि इटोपोसाइड या केमोच्या औषधांचा विचार करावाच लागतो, आणि लवकर. केमो सुचवणाऱ्या डॉक्टरांच्या डोक्यात कदाचित हाच प्रकार असेल.

की-६७ चा आकडा रिपोर्टवर नसेल तर ‘ग्रेड १’ हे शब्द अर्धेच समजा. आकडा २.८ की ३.२ यावर मात्र झोप उडवून घेऊ नका. मोजणाऱ्याच्या डोळ्यागणिक एवढा फरक पडतोच. ०.५ आहे की १५ आहे, याला अर्थ आहे.

सिनॅप्टोफायसिन आणि क्रोमोग्रॅनिन हे दोन रंग लावले होते का, तेही पाहा. पेशी न्यूरोएंडोक्राइन असल्याचं त्यांवरून ठरतं. गाठ कुठून आली याचा अंदाज बांधायला आणखी काही रंग असतात: टीटीएफ-१ आला तर फुप्फुसाकडं पाहतात, सीडीएक्स-२ आला तर आतड्याकडं. ते पक्के साक्षीदार नव्हेत, पण विचारून बघायला हरकत नाही.

तर पहिलं काम हे: ऑपरेशन झालेल्या रुग्णालयाच्या किंवा लॅबच्या पॅथॉलॉजी विभागाकडून पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) आणि त्यांच्या तपासलेल्या काचा मागा, आणि या गाठी नेहमी पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून एकदा तपासून घ्या. मागायला संकोच नको, तुमच्या सर्जनना त्यात अपमान वाटायचं कारण नाही. मुंबईला परळच्या टाटा मेमोरियलला असं पुनर्तपासणीचं काम होतं. तुमच्या मुंबईच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. आत्ता मुंबईला ब्लॉक गेला पाहिजे, वहिनी नव्हे. टाक्यांचं पोट धरून महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये रात्र काढायची काही गरज नाही. घरातला एक माणूस ब्लॉक, काचा, रिपोर्टची मूळ प्रत, ऑपरेशनची नोंद आणि सीटी-एमआरसीपीच्या सीडी घेऊन गेला तरी भागतं. आधी तिथली नोंदणीची पद्धत विचारून घ्या. ब्लॉक मिळाल्याची पावती जपा, नंतर कधी लागला तर तो कुठं आहे हे कळायला हवं.

आता सर्जनबद्दल. तुमच्या लिहिण्यातून असं जाणवतं की आधी कॅन्सर धरून एवढं मोठं ऑपरेशन केलं आणि निघालं भलतंच, म्हणून घरात नाराजी आहे. ती सोडून द्या. या गाठीचं निदान ऑपरेशनआधी क्वचितच होतं. ती अस्तराच्या खालून वाढते. ईआरसीपी (तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेत जाण्याची तपासणी) करताना ब्रश फिरवून पेशी घेतल्या तरी वरचं धडधाकट अस्तरच हाती येतं. सीटीवर आणि एमआरसीपीवर ती नेहमीच्या कॅन्सरसारखी अरुंद जागा दाखवते. रक्तातला सीए १९-९ हा कॅन्सरसूचक आकडा कावीळ असली की तसाही वाढतो. मागं वळून पाहिलं तर काही खुणा सापडतात: वय त्या मानानं कमी, रुग्ण स्त्री, कावीळ असूनही वजन फारसं घटलेलं नाही, सीटीच्या पहिल्या टप्प्यात गाठ उजळून निघालेली. पण एवढ्यावर कुणी ऑपरेशन थांबवत नाही, आणि थांबवूही नये. कारण आधी कळलं असतं तरी ऑपरेशन हेच झालं असतं: गाठीसह नलिका, पित्ताशय आणि आसपासचे लिम्फ नोड काढायचे आणि यकृतातून येणाऱ्या नलिकेला आतड्याचा फास, म्हणजे वर वळवून आणलेला भाग, जोडायचा. गाठ खालच्या टोकाला असती तर व्हिपल, म्हणजे स्वादुपिंडाचं डोकं आणि लहान आतड्याची सुरुवातही काढण्याचं ऑपरेशन, करावं लागलं असतं, दोन नलिकांच्या संगमावर असती तर यकृताचा भागही काढावा लागला असता. मधल्या जागेमुळं त्यातल्या त्यात कमी कापाकापी झाली. कडा मोकळ्या आणि नोड स्वच्छ याचा अर्थ काम नीट झालंय.

गावातल्या काविळीच्या औषधाबद्दल थोडं बोलतो, वहिनींसाठी नव्हे, हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. आपल्याकडं कावीळ म्हटली की पाणी आठवतं, आणि ते चूकही नाही. इचलकरंजीत २०१२ साली दूषित पाण्यातून काविळीची केवढी साथ आली होती ते या भागातला कुणी विसरलेला नाही. ती विषाणूची कावीळ बहुतेकदा आपोआप उतरते, म्हणून माळ घालणारा, नाकात थेंब सोडणारा किंवा पाल्याचा रस देणारा यशस्वी ठरतो. नलिका तुंबल्यानं होणारी कावीळ उतरत नाही, चढत जाते. अंगभर खाज, गडद लघवी आणि शाडूच्या रंगाची शौच, ही तिची ओळख. ताप, मळमळ काही नाही, पोटातही दुखत नाही, पण खाजवून खाजवून अंगावर ओरखडे उठलेत, असा माणूस दिसला की त्याच आठवड्यात सोनोग्राफी करा. रक्तात डायरेक्ट बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं दिसेल. बाकी पथ्यं नंतर.

हार्मोनचा प्रश्न. नावामुळं लोकांना वाटतं की गाठ रात्रंदिवस काहीतरी विष सोडतेय. पित्तनलिकेतल्या बहुतेक गाठी लक्षणं उमटतील इतकं काही सोडतच नाहीत. पेशींमध्ये हार्मोनची यंत्रणा असते, रंग लावल्यावर ती दिसते, पण रक्तात परिणाम होईल इतका माल बाहेर पडत नाही. क्वचित एखादी गाठ गॅस्ट्रिन सोडते. तेव्हा जठरात आम्लाचा पूर येतो, अल्सरवर अल्सर होतात आणि जुलाब लागतात. झॉलिंजर आणि एलिसन यांनी १९५५ साली वर्णन केलेला हा आजार बहुतेक वेळा स्वादुपिंड किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या गाठीमुळं होतो, पित्तनलिकेतला अपवादात्मक. सिरोटोनिन सोडणाऱ्या गाठीत चेहरा अचानक लाल होणं, पाण्यासारखे जुलाब, छातीत घरघर आणि पुढं हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपा खराब होणं, असा प्रकार असतो. पण आतड्याच्या आणि पित्तनलिकेच्या भागातलं रक्त आधी यकृतात जातं. यकृत हा त्या रस्त्यावरचा जकात नाका आहे. सिरोटोनिनचा माल तिथंच जप्त होतो, पुढं सरकत नाही. यकृतातच गाठी पसरल्या की नाका ओलांडून माल थेट हृदयाकडं जातो आणि लक्षणं सुरू होतात. वहिनींच्या यकृतात काही दिसल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळं हे होण्याचा प्रश्न आत्ता नाही.

वयाचा मुद्दा आहे म्हणून एक सांगून ठेवतो. ४४ नंतर दोन-चार वर्षांत पाळी जाण्याच्या आसपास अंगातून वाफा निघाल्यासारखं होऊ शकतं, आणि त्या वेळी घरातलं कुणीतरी हा रिपोर्ट काढून घाबरणार. पाळी जातानाच्या लाटेत दरदरून घाम येतो. वर सांगितलेली सिरोटोनिनच्या गाठीची लाली (तिला ‘कार्सिनॉइड’ची लाली म्हणतात) बहुधा कोरडी असते, आणि जुलाब तिच्या जोडीला असतात. नुसत्या घामाच्या लाटांसाठी आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडं जा.

याच कारणानं मी वहिनींना हार्मोनच्या तपासण्यांची रांग लावणार नाही. लक्षणं नसताना गॅस्ट्रिन, सिरोटोनिन असली पॅकेजं करून पैसे जातात आणि भलतेच आकडे येतात. क्रोमोग्रॅनिन-ए ही रक्ततपासणी तर हमखास फसवते. पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल चालू असलं की ती वाढते, मूत्रपिंड कमजोर असलं तरी वाढते. आपल्याकडं ऑपरेशननंतर महिनोन्‌महिने सकाळची ‘गॅसची गोळी’ चालू असते, त्यामुळं निम्म्या घाबरगुंड्या तिथूनच सुरू होतात. तपासायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी दोन आठवडे बंद ठेवून तपासा. कधी चोवीस तासांच्या लघवीतलं ५-एचआयएए (सिरोटोनिनपासून तयार होणारा पदार्थ) सांगितलं तर तपासणीच्या आधीचे तीन दिवस आणि लघवी गोळा करताना केळी, अननस, टोमॅटो, वांगं, अक्रोड बंद. आपल्या स्वयंपाकात टोमॅटो आणि वांगं किती ठिकाणी लपलेलं असतं ते घरच्या बाईला जास्त माहीत. पॅरासिटामॉल आणि उदासीनतेवरच्या काही गोळ्याही हा आकडा बदलतात. लॅबकडून आम्ल घातलेली बाटली मागून घ्या.

गॅलियम स्कॅन एकदा करावा, असं माझं मत. एरवी तो ऑपरेशनआधी करतात. इथं निदानच नंतर झाल्यामुळं तो राहिलेला आहे, आणि ‘गाठ इथलीच की दुसरीकडून आलेली’ या शंकेचं सगळ्यात चांगलं उत्तर तोच देतो. या पेशींच्या पृष्ठभागावर सोमॅटोस्टॅटिन नावाच्या हार्मोनसाठी कुलपं असतात. त्यांत बसणारी किल्ली गॅलियम-६८ ला जोडून शिरेतून देतात आणि शरीरात जिथं अशा पेशी असतील तिथं उजेड दिसतो. डोटाटेट, डोटानॉक ही नावं त्या किल्लीची. ऑपरेशनची सूज ओसरू द्या, तीन महिन्यांनी करा, घाई नाही. सेंटरला फोन करताना नुसतं ‘पेट स्कॅन होतो का’ असं विचारू नका. बहुतेक ठिकाणी होतो तो साखरेचा, एफडीजीचा, आणि ग्रेड १ ची संथ गाठ त्यात दिसेलच असं नाही. गॅलियम-६८ दर ६८ मिनिटांनी निम्मं होतं, त्यामुळं ते दूरच्या गावाहून मागवून ठेवता येत नाही. सेंटरमध्येच जनरेटर लागतो, आणि काही सेंटर ठरावीक दिवशीच हा स्कॅन करतात.

स्कॅनचा रिपोर्ट आल्यावर प्लीहा, मूत्रपिंडं, पिट्यूटरी उजळलेली दिसतील. ते नेहमीचंच. स्वादुपिंडाच्या अनसिनेट भागात उजेड लिहिला असेल तरी लगेच घाबरू नका. तिथं निरोगी माणसांतही उजेड दिसतो आणि कित्येकांना विनाकारण पुन्हा एंडोस्कोपी झालेली आहे. रिपोर्ट सर्जनना दाखवा, व्हॉट्सअॅपवर नातेवाइकांना नको.

इंटरनेटवर हे नाव टाकलं की इरफान खान यांची बातमी येते. त्यांनी मार्च २०१८ मध्ये आपल्याला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर असल्याचं सांगितलं आणि एप्रिल २०२० मध्ये ते गेले. तुमच्या घरीही हे वाचून रडारड झाली असणार. एकाच नावाखाली वर्षानुवर्षं जागची न हलणारी गाठ आणि काही महिन्यांत माणूस नेणारी गाठ, दोन्ही येतात. जागा, ग्रेड आणि पसरलंय की नाही हे माहीत नसताना दुसऱ्याच्या आजारावरून वहिनींचं भविष्य काढता येत नाही.

ल्युटेशियमबद्दलही वाचलं असेल. गॅलियमच्या जागी ल्युटेशियम-१७७ जोडलं की तीच किल्ली उपचार करते. आतड्याच्या पसरलेल्या गाठींवर ती चांगली चालते हे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या नेटर-१ अभ्यासानं दाखवलं, ल्युटेशियम भाभा अणुसंशोधन केंद्र आपल्याकडंच तयार करतं, आणि परळला या केंद्राच्याच विभागात बरीच वर्षं हा उपचार होतो. ऑक्ट्रिओटाइड, लॅनरिओटाइड ही महिन्याची इंजेक्शनंही पसरलेल्या किंवा लक्षणं देणाऱ्या आजारासाठी. वहिनींच्या शरीरात सध्या मारायला काही शिल्लक नाही. ‘सुरक्षिततेसाठी सहा इंजेक्शनं घेऊ’ असं कुणी म्हटलं तर कशाच्या आधारावर, असं नम्रपणे विचारा. एक मात्र लक्षात ठेवा: पुढं कधी यकृतात गाठी दिसल्या आणि त्यासाठी भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना हे निदान आधी सांगा. त्यांना ऑक्ट्रिओटाइड हाताशी ठेवायचं असतं.

गाठीपेक्षा येत्या वर्षात वहिनींना त्रास झालाच तर तो नलिका आणि आतड्याच्या जोडापासून होईल, आणि हे घरच्यांना नीट सांगितलं जात नाही. पित्तनलिकेच्या खालच्या टोकाला एक झडप असते, ती जंतूंना वर चढू देत नाही. आता पित्त थेट आतड्याच्या फासात पडतं, झडप त्या वाटेवर नाही. जोड अरुंद झाला की पित्त साचतं आणि जंतू वाढतात. थंडी वाजून हुडहुडी भरणारा ताप, लघवी पिवळी, उजव्या बरगडीखाली दुखणं, यांपैकी ताप एकटा आला तरी त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या रुग्णालयात जा. गावात दोन दिवस सलाईन आणि ‘व्हायरल’ची इंजेक्शनं घेत बसलं की रक्तात जंतू पसरतात. हे ऑपरेशननंतर महिन्यांनी होऊ शकतं, तसंच पाच-सात वर्षांनीही. तपासणाऱ्या डॉक्टरांना ‘नलिका काढलेली आहे, आतडं जोडलंय’ हे सांगा. नेहमीच्या दुर्बिणीची ईआरसीपी आता त्या जागी पोचत नाही. गरज पडली तर रेडिओलॉजिस्ट बाहेरून यकृतात नळी घालून वाट मोकळी करतात. ऑपरेशनच्या नोंदीचा फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये असू द्या.

खाण्याचं पथ्य लोक उगाच आयुष्यभर पाळतात. पित्त आतड्यात पोचतंय, त्यामुळं तेलतूप पचतं. पहिले काही आठवडे थोडं-थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा खावं. नंतर पांढरा रस्सा प्यायला माझी हरकत नाही, तांबड्याचा तिखटपणा झेपेल तसा. शौच तेलकट, पाण्यावर तरंगणारी होत असेल तर सांगा, त्यावर गोळ्या आहेत. घरकाम आत्ताही चालेल. धार काढायला बसताना पोटावर दाब येतो, ती सहा आठवड्यांनी. वैरणीचा भारा, कॅन, घागर मात्र तीन महिने नाही. हर्निया झाला तर दुसरं ऑपरेशन ओढवतं.

पुढची देखरेख लांबची आहे. पहिली दोन वर्षं दर सहा महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा, आणि ती निदान दहा वर्षं. या गाठी उशिरा परततात, म्हणून ‘पाच वर्षं झाली, सुटलो’ हा हिशेब इथं चालत नाही. दर खेपेला यकृताची रक्ततपासणी आणि पोटाचा एमआरआय किंवा सीटी. वय पाहता मी एमआरआयकडं झुकतो, रेडिएशन टळतं. गॅलियम दर वेळी नको, एमआरआयमध्ये नवीन काही दिसलं तरच. अल्कलाइन फॉस्फेटेज चढायला लागलं तर आधी जोड तपासायचा, गाठ परत आली असं समजायचं नाही. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला प्रत्येक टप्प्यावर आधी विचारा, बिल झाल्यावर नव्हे.

मुलांचं. बहुतेक वेळा ही गाठ एकट्या-दुकट्यालाच होते, घराण्यातून येत नाही. तरी दोन-तीन गोष्टी विचारून घ्याव्या लागतात. वहिनींना किंवा त्यांच्या माहेरच्या कुणाला मूतखडे वारंवार, कॅल्शियम वाढलेलं, पिट्यूटरीची किंवा स्वादुपिंडाची गाठ असं काही आहे का? असेल तर मेन-१ हा आनुवंशिक दोष मनात येतो. कमी वयात मूत्रपिंडाच्या गाठी, डोळ्याच्या पडद्यावर किंवा मेंदूत रक्तवाहिन्यांच्या गाठी असतील तर व्हीएचएल हा दुसरा आनुवंशिक आजार. अंगावर कॉफीच्या रंगाचे बरेच चट्टे आणि कातडीखाली मऊ गाठी असतील तर न्यूरोफायब्रोमॅटोसिस, पण त्यातली गाठ बहुधा नलिकेच्या अगदी तोंडाशी, आतड्याच्या बाजूला असते. यातलं काहीच नसेल तर वहिनींचं रक्तातलं कॅल्शियम एकदा करा. तपासणी स्वस्त आहे, कोल्हापुरात कोणत्याही लॅबमध्ये होते. ते नॉर्मल आलं आणि माहेरचा इतिहास कोरा असला, तर मुलांच्या कुठल्याही तपासण्या करू नका.